सीमेच्या पल्याडचा जोडीदार : कॅनडा-अमेरिकेतल्या आदिवासींसाठी स्थलांतराच्या वाटा

ओंटारिओतल्या ग्रँड रिव्हरकाठच्या सिक्स नेशन्स वस्तीतून गाडी काढली की पीस ब्रिज ओलांडून बफेलो गाठायला दीड-दोन तास पुरतात. तरीही एक जण या टोकाला आणि एक त्या टोकाला असलेली जोडपी वर्षानुवर्षं शनिवार-रविवारच्या भेटींवर दिवस काढतात. व्हिसा लागणार, पैसे लागणार, वकील लागणार, असं दोघांनीही धरून ठेवलेलं असतं. सल्ला विचारायला गेलं तर समोरचाही सवयीने मंगेतर व्हिसाचा फॉर्म पुढे सरकवतो.

पण कॅनडात जन्मलेल्या आणि अंगात निम्मं किंवा त्याहून अधिक आदिवासी रक्त असलेल्या माणसाला अमेरिकेत राहायला आणि काम करायला व्हिसा लागतच नाही. लग्नाची अट नाही, प्रायोजक नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही. फक्त आपण त्या व्याख्येत बसतो हे कागदोपत्री दाखवावं लागतं, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. उलट्या दिशेने, अमेरिकेतून कॅनडात जाताना, असा सरसकट हक्क नाही. तिथे वेगळी वाट धरावी लागते. म्हणून आधी दिशा ठरवा. कोणाच्या घरी संसार थाटायचा हा प्रश्न भावनेचा असेलच, पण कायद्याच्या हिशोबाने एक बाजू दुसरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडू शकते.

एक गोंधळ आत्ताच मिटवू. अमेरिकेच्या कायद्यात शब्द आहे 'अमेरिकन इंडियन'. त्याचा भारताशी काही संबंध नाही. महाराष्ट्रातला अनुसूचित जमातीचा दाखला, मग तो कितीही पक्का आणि पडताळणी झालेला असो, या कलमाखाली चालत नाही. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाचा इथे संबंध येतो तो जोडीदार फर्स्ट नेशन्सपैकी, म्हणजे कॅनडातल्या मूळ आदिवासींपैकी, असेल तर. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हक्क आला कुठून

१९ नोव्हेंबर १७९४ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात 'जे ट्रीटी' (म्हणजे जे करार) झाली. तिच्या तिसऱ्या कलमात सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या 'इंडियन' लोकांना जमिनीवरून आणि आतल्या जलमार्गांवरून मोकळेपणी ये-जा करता येईल, असं लिहिलं आहे. पुढे १९२४च्या इमिग्रेशन कायद्याने ही ये-जा अडवली. क्वेबेकमधल्या कानावाके वस्तीतला मोहॉक जमातीचा लोखंडकाम कारागीर पॉल डायबो याला १९२५ साली फिलाडेल्फियात 'बेकायदा परदेशी' म्हणून पकडलं. तो कोर्टात गेला आणि १९२७ साली जिंकला. अपील कोर्टानेही १९२८ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. २ एप्रिल १९२८ला अमेरिकन काँग्रेसने हा हक्क कायद्यात घातला. त्या कायद्यात रक्ताच्या टक्क्यांची भानगड नव्हती. निम्म्या रक्ताची अट आली ती १९५२च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये, कलम २८९ म्हणून.

म्हणजे लोक ज्याला 'जे ट्रीटीचा हक्क' म्हणतात, तो आज प्रत्यक्षात कलम २८९चा हक्क आहे. नाक्यावर अधिकाऱ्याशी बोलताना हाच आकडा तोंडात असू द्या. ट्रीटीवर वाद घालणारे भेटतात. कलमावर सहसा कोणी घालत नाही.

याच कलमामुळे अशा व्यक्तीला अमेरिकेतून हद्दपारही करता येत नाही. इमिग्रेशन अपील बोर्डाने १९७८ साली यलोक्विल प्रकरणात तसा निर्णय दिला आहे. अर्थात गुन्हा केला तर अटक आणि शिक्षा इतरांसारखीच होते.

हा हक्क फक्त कॅनडात जन्मलेल्यांसाठी आहे. मेक्सिकोच्या बाजूला जन्मलेल्या तोहोनो ओ'ओधाम जमातीच्या लोकांना तो मिळत नाही. टेक्सासच्या किकापू जमातीसाठी १९८३चा वेगळा कायदा आहे.

रक्ताचा हिशोब

महाराष्ट्रात ज्यांनी जात पडताळणी समितीसमोर वंशावळ मांडली आहे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत गावोगाव हिंडले आहेत, त्यांना हे काम लगेच उमजेल. इथे फरक एवढाच की शेवटी अपूर्णांकांची बेरीज करावी लागते.

नियम सोपा आहे. आईच्या रक्ताचा निम्मा भाग अधिक वडिलांच्या रक्ताचा निम्मा भाग. आईची आई पूर्ण ओजिब्वे आणि आईचे वडील स्कॉटिश, तर आई १/२. वडिलांकडे तीन आजी-आजोबा क्री आणि चौथे फ्रेंच, तर वडील ३/४. मुलीचा हिशोब : १/२चे निम्मे १/४, ३/४चे निम्मे ३/८, बेरीज ५/८. म्हणजे साडेबासष्ट टक्के. ती बसते. तिच्या सावत्र भावाची आई तीच, पण वडील आयरिश. तो १/४वर अडकतो. त्याला कलम २८९ लागू नाही, मग त्याच्याकडे स्टेटस कार्ड (कॅनडा सरकारच्या आदिवासी नोंदणीचं ओळखपत्र) असो, तो राखीव क्षेत्रातच वाढलेला असो, अस्खलित भाषा बोलत असो.

वेगवेगळ्या जमातींचं रक्त एकत्र मोजता येतं. वडील मोहॉक आणि आई मिकमॅक असेल तर दोघांची बेरीज करा. अनेक जण फक्त ज्या बँडचं (जमातीच्या सरकारमान्य स्थानिक गटाचं) सदस्यत्व आहे त्याच बाजूचा हिस्सा मोजतात आणि उगाच कमी पडतात.

आता स्टेटस कार्डाचा घोळ. कॅनडाच्या इंडियन अ‍ॅक्टखालची नोंदणी आणि रक्ताचा टक्का या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. १७ एप्रिल १९८५पर्यंत स्टेटस असलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या गोऱ्या बाईला आपोआप स्टेटस मिळत असे. रक्त शून्य, कार्ड पक्कं. आणि स्टेटस असलेल्या बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिचं स्टेटस जात असे. रक्त पूर्ण, कार्ड नाही. अमेरिकन अधिकारी एकट्या कार्डावर समाधान मानत नाही, त्यामागे हा इतिहास आहे. तेव्हा आजीचं स्टेटस गेलं होतं म्हणून हार मानू नका, आणि आजीला स्टेटस होतं एवढ्यावर खूशही होऊ नका. ती जन्माने कोण होती ते पाहा.

दत्तक प्रकरणांत अजून सावध राहावं लागतं. आदिवासी घरात दत्तक गेलेल्या बिगर-आदिवासी मुलाला बँडचं सदस्यत्व मिळालं असलं तरी कलम २८९ मिळत नाही. उलट 'सिक्स्टीज स्कूप'च्या काळात घरातून उचलून अमेरिकेत गोऱ्या कुटुंबांना दत्तक दिलेल्या मुलांचा हक्क शाबूत असतो, कारण रक्त दत्तकपत्राने बदलत नाही. त्यांना मूळ जन्मनोंद मिळवण्यासाठी प्रांताच्या दत्तक नोंदणी खात्याकडे आणि इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडाकडे अर्ज करावा लागतो.

कागद कोणते, आणि कसे

पहिला कागद, जन्मदाखला. तो लांब नमुन्यातलाच हवा, म्हणजे आईवडिलांची नावं असलेला. पाकिटात मावणारा छोटा दाखला बाद समजा, कारण त्यावर आईवडील नसतात आणि वंशाची साखळीच तुटते. ओंटारिओत जन्मनोंदीची प्रमाणित प्रत मागा. क्वेबेकमध्ये नुसतं प्रमाणपत्र न मागता जन्मनोंदीची पूर्ण प्रत मागा. ज्या आईच्या किंवा वडिलांच्या बाजूने रक्त मोजताय, त्यांचेही असे दाखले काढून ठेवा. आडनाव लग्नाने बदललं असेल तर लग्नाचा दाखला मध्ये लावा, नाहीतर 'ही बाई तीच कशावरून' या प्रश्नावर फाइल थांबते.

दुसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बँड ऑफिसचं पत्र. सदस्यत्व विभागात बसणाऱ्या बाई किंवा बुवा रोज स्टेटसची पत्रं देतात. तुम्ही काही न सांगता मागितलं तर 'अमुक व्यक्ती आमची नोंदणीकृत सदस्य आहे' एवढंच मिळतं आणि ते नाक्यावर निरुपयोगी ठरतं. पत्रात चार गोष्टी स्पष्ट मागून घ्या. तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि कॅनडातलं जन्मस्थान. नोंदणी क्रमांक. आईवडील आणि आजी-आजोबांची नावं, प्रत्येकाची जमात आणि प्रत्येकाचा रक्ताचा हिस्सा. आणि शेवटी एक निःसंदिग्ध वाक्य : 'आमच्या नोंदींनुसार या व्यक्तीत अमेरिकन इंडियन वंशाचं किमान ५० टक्के रक्त आहे.' पत्र लेटरहेडवर, तारखेसह, सही करणाऱ्याचं पद लिहिलेलं. 'आदिवासी वंशाची', 'पारंपरिक सदस्य', 'कलम ६(१)खाली नोंद' असे शब्द सन्मानाचे असतील, पण टक्का सांगत नाहीत.

काही बँड तत्त्व म्हणून टक्का लिहून देत नाहीत. रक्त मोजणं ही वसाहतवाल्यांची रीत आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. अशा वेळी पूर्वजांची वंशावळ आणि प्रत्येकाच्या सदस्यत्वाची नोंद तेवढी प्रमाणित करून मागा. बेरीज तुम्ही वेगळ्या कागदावर मांडा. आईकडची बाजू दुसऱ्या बँडमध्ये असेल तर तिथलंही पत्र लागेल. बँडकडे जुन्या नोंदी नसतील तर ओटावाच्या इंडियन रजिस्ट्रीकडून घ्या. अमेरिकन यादीत त्या खात्याचा उल्लेख जुन्या नावाने, 'आयनॅक' म्हणून, दिसेल. आज तेच काम इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडा करतं.

याशिवाय फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, आणि असेल तर सुरक्षित स्टेटस कार्ड. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट हवाच. पासपोर्टवर जन्मस्थान कॅनडा असणं हा वरचा फायदा.

सगळ्याच्या तीन प्रती काढा. मूळ कागद नाक्यावर हातात ठेवा, पण सोडून येऊ नका.

नाक्यावर काय बोलायचं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. अधिकारी विचारतो, 'कुठे निघालात?' उत्तर येतं, 'मित्राला भेटायला.' तो पर्यटक म्हणून आत घेतो. सहा महिन्यांनी ग्रीन कार्डाची नोंद करायला गेलं की आधीची नोंद पाहुण्याची निघते, आणि मग राहायला आलात की फिरायला, यावर खुलासे देत बसावं लागतं.

राहायला जाताना पहिल्याच वाक्यात सांगा : मी कॅनडात जन्मलेली अमेरिकन इंडियन आहे, किमान ५० टक्के रक्त आहे, आणि कलम २८९खाली राहायला प्रवेश घेते आहे. सोबत जन्मदाखला आणि पत्र पुढे करा. समोरचा तरुण असेल तर त्याने असं प्रकरण पाहिलेलंच नसेल. तो आत, दुसऱ्या तपासणीच्या खोलीत पाठवेल. घाबरू नका, तिथे वरिष्ठ असतात. जुन्या आदिवासी वस्त्यांजवळचे नाके याला सरावलेले असतात. विमानतळावर, विशेषतः टोरांटो किंवा व्हँकुव्हरला, अमेरिकन तपासणी विमानात बसण्याआधी कॅनडाच्या जमिनीवरच होते. तिथे रांगेत वेळ मोडला तर विमान चुकतं. पहिला प्रवेश रस्त्याने करणं बरं.

जोडीदार शेजारच्या सीटवर असेल तर त्याच्यासाठी वेगळा हिशोब. कलम २८९चा हक्क नवऱ्याला, बायकोला किंवा मुलांना लागत नाही. प्रत्येकाचं रक्त स्वतंत्र मोजलं जातं. कॅनडात जन्मलेलं आणि निम्म्याच्या खाली असलेलं मूल आईबरोबर आपोआप येत नाही, हे अनेकांना सामान ट्रकमध्ये भरल्यावर कळतं.

पुढचं काम : नोंद, सोशल सिक्युरिटी, नोकरी

आत आल्यावर ग्रीन कार्ड घेणं सक्तीचं नाही, पण न घेण्याने रोजचा त्रास वाढतो. घरमालक, बँक, वाहन परवाना खातं, कोणालाच कलम २८९ माहीत नसतं. ग्रीन कार्ड सगळ्यांना माहीत असतं.

यासाठी ग्रीन कार्डाचा नेहमीचा अर्ज, म्हणजे आय-४८५, भरायचा नाही. हे परत वाचा, कारण चुकून तो भरला की १,४४० डॉलर जातात. यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) संपर्क केंद्राला फोन करून स्थानिक कार्यालयातली भेटीची वेळ घ्या. कारण सांगताना 'कॅनडात जन्मलेल्या अमेरिकन इंडियनची कायम निवासाची नोंद करायची आहे' एवढंच सांगा. फोनवरच्या माणसाने फॉर्म सुचवला तर नम्रपणे नकार देऊन वरच्या पातळीवरचा अधिकारी मागा. भेटीला वरचे सगळे कागद, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि अमेरिकेत राहत असल्याचा पुरावा न्या : भाडेकरार, वीजबिल, जोडीदाराच्या घरी राहत असाल तर त्याचं सहीचं पत्र. फी नाही. वैद्यकीय तपासणीही नाही. आतून आय-१८१ नावाच्या फॉर्मवर नोंद होते आणि एस-१३ वर्गाचं कार्ड टपालाने येतं. पुढे कार्ड हरवलं किंवा मुदत संपली तर मात्र नव्या कार्डासाठी आय-९० भरावा लागतो.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी कार्डाची वाट पाहायची गरज नाही. जन्मदाखला आणि बँडचं पत्र घेऊन कार्यालयात गेलात तरी चालतं. खिडकीवरच्या माणसाला नियम ठाऊक नसेल तर त्यांच्याच अंतर्गत नियमावलीत कॅनडात जन्मलेल्या अमेरिकन इंडियनांचा स्वतंत्र भाग आहे, तो बघायला सांगा.

नोकरीत रुजू होताना आय-९, म्हणजे कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म, भरला जातो. तिथे कॅनडाचं स्टेटस कार्ड किंवा कॅनेडियन बँडचं ओळखपत्र 'आदिवासी कागदपत्र' म्हणून चालत नाही. ती सोय अमेरिकेने मान्यता दिलेल्या जमातींच्या कागदांसाठी आहे. ग्रीन कार्ड दाखवा, किंवा राज्याचं ओळखपत्र आणि निर्बंधाचा शेरा नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडी दाखवा.

मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पाच वर्षं थांबावं लागतं; कलम २८९च्या लोकांना ती अट नाही. उत्पन्न कमी असेल तर हे विसरू नका, कारण कॅनडा सोडल्यावर प्रांताचा आरोग्य विमा बंद होतो आणि नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्ससाठीही (कॅनडाच्या आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्य सोयींसाठीही) कॅनडात राहणं लागतं. राखीव क्षेत्रातल्या कमाईवरची कॅनडातली करसवलत अमेरिकेतल्या पगाराला लागू होत नाही.

एक अट मात्र पाळावी लागते : निवास अमेरिकेत टिकवणं. वर्ष-दीड वर्ष कॅनडात राहिलात तर कार्डाचा निवास सोडला असं मानलं जाऊ शकतं. सीमा ओलांडण्याचा हक्क त्याने जात नाही, पण नोंद पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. नागरिकत्व हवं असेल तर इतरांप्रमाणेच पाच वर्षांनी, किंवा अमेरिकन नागरिकाशी लग्न करून एकत्र राहत असाल तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो.

निम्म्याला थोडं कमी पडलं तर

मग नेहमीची वाट. लग्नाआधी के-१ मंगेतर व्हिसा, किंवा लग्न करून जोडीदाराचा इमिग्रंट व्हिसा. के-१साठी गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न. एरवी कॅनडाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही, पण के-१साठी लागतो.

पैशांचं गणित १ एप्रिल २०२४पासूनच्या दरांनी मांडू. के-१ : अर्ज ६७५, व्हिसा २६५, मग आत आल्यावर आय-४८५चे १,४४०, एकूण २,३८० डॉलर. लग्नाची वाट : आय-१३० (जोडीदारासाठीचा अर्ज) ऑनलाइन ६२५, व्हिसा शुल्क ३२५, प्रायोजकपत्र तपासणी १२०, इमिग्रंट फी २३५, एकूण १,३०५ डॉलर. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. शिवाय के-१वाल्याला आत आल्यावर कामाचा परवाना येईपर्यंत घरी बसावं लागतं, तर दुसरा उतरल्या दिवसापासून कामाला जाऊ शकतो. सीमेला लागून राहणाऱ्या, दर पंधरवड्याला भेटू शकणाऱ्या जोडप्याने के-१ घ्यावा असं कारण सहसा सापडत नाही. प्रायोजकाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. कमी असेल तर सहप्रायोजक शोधा.

उलटी दिशा : कॅनडात राहायला जाणं

कॅनडा जे ट्रीटी मानत नाही. सीमेवरच्या अक्वेसास्ने या मोहॉक वस्तीतल्या लुई फ्रान्सिस यांनी वॉशिंग मशीन, फ्रिज आणि हीटरवरचा कर या ट्रीटीच्या जोरावर नाकारला आणि १९५६ साली सुप्रीम कोर्टात ते हरले : ट्रीटी देशाच्या कायद्यात उतरवलेलीच नाही, म्हणून लागू नाही. २०२१च्या देसोतेल निकालात अमेरिकेत राहणाऱ्या सिनिक्स्ट वंशजांना कॅनडात शिकारीचा हक्क मिळाला. त्यानंतर 'आता सीमा उघडली' असं बरंच बोललं गेलं. तो निकाल शिकारीचा आहे, तिथे राहण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही : अमेरिकेत जन्मलेला जोडीदार कॅनडाच्या इंडियन अ‍ॅक्टखाली नोंदणीला पात्र आहे का? कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम १९(१) सांगतं की नोंदणीकृत इंडियन, नागरिक असो वा नसो, कॅनडात येऊ शकतो आणि राहू शकतो. म्हणजे आई किंवा आजी कॅनडाच्या बाजूची असेल तर रजिस्टरचा अर्ज हाच स्थलांतराचा अर्ज. १५ ऑगस्ट २०१९ला नोंदणीच्या नियमांतली १९५१ या सालाची मर्यादा निघाली, तेव्हा बायकांच्या बाजूने तुटलेल्या अनेक वंशशाखा पुन्हा पात्र झाल्या. आधी नकार मिळालेल्यांनी पुन्हा अर्ज करावा. जन्मदाखला लांब नमुन्याचा, आणि पालकांचे नोंदणी क्रमांक ठाऊक असले की काम हलकं होतं. तरी कित्येक महिने लागतात हे धरून चाला. त्याचबरोबर आई किंवा वडील कॅनडात जन्मलेले असतील तर नागरिकत्वच आधीपासून असण्याची दाट शक्यता आहे. मग अर्ज फक्त त्याच्या दाखल्याचा.

यातलं काहीच नसेल तर जोडीदाराचं प्रायोजकत्व. ३० एप्रिल २०२४च्या दरांनी ८५ अधिक ५४५ अधिक ५७५, म्हणजे १,२०५ कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. पती-पत्नीसाठी किमान उत्पन्नाची अट नाही, पण अपंगत्वाखेरीज इतर कारणाने सरकारी साहाय्यावर असलेला माणूस प्रायोजक होऊ शकत नाही.

दूर राहणारी जोडपी इथे दोन सापळ्यांत अडकतात. पहिला 'कॉमन-लॉ'चा. सलग बारा महिने एकत्र राहणं म्हणजे कॉमन-लॉ. पाच वर्षं दर शनिवारी भेटणं म्हणजे नाही. दुसरा 'कॉन्जुगल पार्टनर'चा. नाव वाचून वाटतं, आपल्यासाठीच केलंय. पण लग्न करणं किंवा एकत्र राहणं कायद्याने किंवा तशाच मोठ्या अडचणीने अशक्य आहे हे दाखवावं लागतं. कॅनडा-अमेरिकेतलं जोडपं कधीही लग्न करू शकतं, त्यामुळे 'नोकरी सोडता येत नाही' या कारणावर अर्ज फेटाळला जातो. रजिस्टर लग्न करा आणि मोकळे व्हा.

लग्न मात्र समोरासमोर उभं राहून करा. ऑनलाइन किंवा प्रतिनिधीमार्फत लावलेलं, म्हणजे दोघांपैकी एक प्रत्यक्ष हजर नसलेलं लग्न, ११ जून २०१५पासून कॅनडाचं इमिग्रेशन खातं मानत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातून व्हिडिओवर लग्न लावणाऱ्यांच्या फाइली इथेच परत येतात.

अर्ज देशाबाहेरच्या वर्गात करणं बहुतेकांना सोयीचं. नकार आला तर अपील करता येतं आणि मधल्या काळात ये-जा चालू राहते. देशाच्या आतल्या वर्गात अपील नाही. पुराव्यात निवडक चॅट, भेटींची तिकिटं, पुलावरच्या टोलच्या पावत्या, घरच्यांबरोबरचे फोटो द्या. पाचशे पानं चॅट छापू नका. महिन्याला एक पान पुरे, पण सगळे महिने यायला हवेत.

क्वेबेकमध्ये, म्हणजे कानावाके, कानेसाताकेसारख्या ठिकाणी, प्रांताचं हमीपत्र वेगळं लागतं. २६ जून २०२४पासून त्या अर्जांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली, म्हणून फाइल पाठवण्याआधी खिडकी उघडी आहे का ते पाहा. आणि कॅनडात राहण्याचा परवाना म्हणजे राखीव क्षेत्रात राहण्याचा परवाना नव्हे. कानावाकेत १९८१पासून बाहेरच्याशी लग्न केलेल्यांना वस्तीबाहेर काढण्याचा नियम होता. २०१८ मध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने तो भेदभावाचा ठरवला. तरीही घर घेण्याआधी बँड कौन्सिलचा आजचा नियम विचारलेला बरा.

अमेरिकन जोडीदारावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा असेल तर तो आधी निस्तरा. १८ डिसेंबर २०१८पासून कॅनडात हा गंभीर गुन्हा धरला जातो आणि नाक्यावरूनच माघारी पाठवतात. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली असतील तर पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, नसतील तर तात्पुरत्या परवान्याचा.

जोडीदार भारतीय पासपोर्टवाला असेल तर

डेट्रॉइटमध्ये एच-१बीवर असलेला मराठी मुलगा आणि ओंटारिओतली ओजिब्वे मुलगी, असं जोडपं असेल तर तिला त्याच्या एच-४ची (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाची) गरज नाही. ती स्वतःच्या हक्काने येऊ शकते. उलट तिची कायम निवासाची नोंद झाली की ती लग्नानंतर त्याच्यासाठी आय-१३० भरू शकते. पुढे ती नागरिक झाली तर तो वार्षिक मर्यादेच्या रांगेतूनच बाहेर पडतो. नोकरीच्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग पाहिली तर ही गोष्ट लहान नाही. तोवर तो तिच्या घरी जाताना मात्र त्याला कॅनडाचा व्हिसा काढावाच लागतो. एच-१बीवर ती सूट नाही. लग्न महाराष्ट्रात करणार असाल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि दोघांपैकी एकाचं तीस दिवसांचं वास्तव्य धरून सुट्टी मागा. कार्यालयातल्या गुरुजींचं पत्र दोन्ही देशांत चालत नाही, विवाह निबंधकाचं प्रमाणपत्रच लागतं.

सामान नेताना

ये-जा करण्याच्या हक्कात सामानाची करमाफी येते असं समजू नका. अक्वेसास्नेचे माइक मिचेल १९८८ मध्ये वॉशिंग मशीन, कांबळी, बायबलं आणि मोटर ऑइल घेऊन कॅनडात आले. कर भरायला त्यांनी नकार दिला आणि २००१ साली सुप्रीम कोर्टात तेही हरले. घर हलवताना वस्तूंची किंमतीसकट यादी दोन प्रतींत करा. कायमचं राहायला जाताना वापरलेलं घरसामान करमुक्त नेता येतं, मागून येणारं सामानही त्याच यादीत पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

अक्वेसास्नेत जोडीदाराच्या घरी जाणाऱ्यांनी अजून एक पाळायचं. न्यूयॉर्कच्या बाजूने पूल उतरला की आधी कॉर्नवॉल आयलंड लागतं, पण कॅनडाची तपासणी चौकी २००९च्या वादानंतर बेटावर राहिली नाही, ती पुढच्या पुलापलीकडे कॉर्नवॉल शहरात आहे. घर बेटावर असलं तरी आधी दुसरा पूल ओलांडून शहरात जायचं, हजेरी द्यायची आणि मग मागे फिरायचं. चहा घेऊन मग जाऊ, असं म्हणून बेटावरच थांबलं की गाडी जप्त होऊ शकते.